डोईवरची सावली

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर एक लेख लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई. लढाया, तह, सनदा यांचा इतिहास लिहिणे माझ्या आवाक्यातले नाही. परंतु नागपूरच्या बाईला एक विषय कोणी शिकवावा लागत नाही, तो म्हणजे ऊन. ह्या उन्हापासून डोके राखण्यासाठी माणसांनी काय काय केले, त्यातले पुरुषांच्या वाट्याला काय आले आणि आपल्या वाट्याला काय आले, एवढेच मी सांगणार आहे. वाचनालयातली पुस्तके, आजीच्या तोंडचे ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले, अशी ही तिहेरी शिदोरी आहे.

प्रथम ऊन किती ते पाहू. दि. २३ मे २०१३ रोजी आपल्या नागपुरात ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. पुढे मे २०२४ च्या अखेरीस शहराच्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखविले आणि घरोघरी एकच चर्चा झाली. हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा यंत्रच बिघडलेले निघाले. यंत्र बिघडले होते हे खरे, पण तो आकडा ऐकून आपल्यापैकी पुष्कळजणींना फारसे आश्चर्य वाटले नाही, हेही खरे! कारण आपण त्या उन्हातून भाजी घेऊन आलो होतो. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर्तमानपत्रात छापलेले तापमान हे सावलीतले असते. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झिरमिळ्यांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याला ऊन लागू देत नाहीत. म्हणजे ४५ अंश हे त्या पेटीतल्या तापमापकाचे. उघड्या रस्त्यावर डोक्यावर ऊन घेऊन चालणाऱ्या बाईला सोसावा लागणारा ताप त्याहून अधिक असतो.

आता इतिहासाकडे, आणि इतिहासाच्याही आधी पुराणाकडे वळू. छत्री आणि पायताण ह्या दोन वस्तू जगात कशा आल्या, याची गोष्ट महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. भीष्मांनी ती युधिष्ठिराला सांगितली आहे. ज्येष्ठाचा महिना होता. जमदग्नी ऋषी धनुष्यबाण घेऊन नेम मारण्याचा खेळ करीत होते आणि त्यांची पत्नी रेणुका दूर गेलेले बाण धावत जाऊन वेचून आणीत होती. सूर्य माथ्यावर आला. रेणुकेचे डोके तापले, पाय पोळले. ती क्षणभर एका झाडाच्या सावलीला थांबली. परत येताच ऋषींनी उशिराचे कारण विचारले. तिने खरे ते सांगितले. ऋषी कोपले आणि त्यांनी सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने खाली आला, त्याने क्षमा मागितली आणि डोक्यासाठी छत्र व पायांसाठी पादत्राणे दिली.

ही रेणुका म्हणजे माहूरगडची माता. विदर्भातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे. आपण दरवर्षी तिच्या दर्शनाला जातो, ओटी भरतो. पण ही कथा पोथीत ऐकताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. कथेप्रमाणे छत्री जगात आली ती राजासाठी नव्हे, ऋषीसाठीही नव्हे. उन्हात राबणाऱ्या एका बाईचे डोके भाजले म्हणून ती आली. पुढे मात्र छत्र राजाच्या डोक्यावर गेले, देवाच्या पालखीवर गेले. बाण वेचणारी उन्हातच राहिली.

पुरुषांच्या डोक्याची काळजी आपल्या समाजाने पुष्कळ केली. पागोटे, पगडी, फेटा, रुमाल, मुंडासे, टोपी, किती नावे आणि किती तऱ्हा! पागोट्याच्या बांधणीवरून माणसाची जात, गाव, धंदा ओळखू येई. पगडी बांधून देणारे कारागीर वेगळे असत. पुणेरी पगडीला तर २००९ साली सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या नागपूर-उमरेडकडचे कोष्टी भोसल्यांच्या काळापासून बारीक सुताचे, रेशीमकाठी कापड विणीत आले. माझे माहेर त्याच कोष्ट्यांचे. आजी सांगत असे की तिचे सासरे उन्हाळ्यात बाजाराला निघाले की आधी पागोटे बांधीत आणि मगच पायात जोडा घालीत.

पागोट्यात नुसता मान नव्हता, शहाणपणही होते. सात-आठ मीटर कापडाचे पेच एकावर एक बसले की त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते, आणि ती उन्हाची झळ डोक्यापर्यंत लवकर पोचू देत नाही. सुती कापड घाम शोषून घेते. तोच घाम वाळताना डोके निववतो. आपल्या माठाचे पाणी गार होते किंवा कूलरची वाळ्याची ताटी ओली झाली की वारा गार येतो, त्यातलाच हा प्रकार. आपली हवा कोरडी असल्यामुळे येथे ही युक्ती फार चांगली चालते. शेतावरचा माणूस खांद्यावरचा दुपट्टा विहिरीवर भिजवून डोक्याला गुंडाळी, त्यामागे हेच होते. त्याला शास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव होता.

परंतु पुढे पुढे पागोट्याचा उपयोग मागे पडला आणि मान तेवढा उरला. आपली बोलीच पाहा. शरण जायचे तर पागोटे पायावर ठेवायचे. कोणाला फसविले तर टोपी घातली म्हणायचे. उघड्या डोक्याने घराबाहेर पडणे अशुभ मानीत.

आणि बायकांचे काय? आपल्या डोक्यावर पदर होता. पण तो उन्हासाठी नव्हता, मर्यादेसाठी होता. सासरे ओसरीवर आले, पदर घ्या. दीर जेवायला बसले, पदर घ्या. माझी आजी म्हणत असे, "आमचा पदर घरात सावलीत डोक्यावर, अन् उन्हात कामाला गेलं की कमरेला." तिचे बोलणे मला लहानपणी गमतीचे वाटे. आता त्यातला अर्थ कळतो. दोन्ही हात कामात गुंतले की पदर डोक्यावर ठरत नाही. निंदताना, विटा उचलताना, तेंदूची पाने तोडताना तो घसरतो, मग बाई तो ओढून कमरेला खोचते. डोक्यावर उरते ती चुंबळ. ती चुंबळसुद्धा डोक्यासाठी नसते. डोक्यावरची गुंडी, टोपली किंवा घमेले हलू नये म्हणून असते. संग्रहालयात जुन्या पगड्या काचेच्या कपाटात मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. चुंबळ मांडलेली कोठे पाहिली नाही.

पांढरपेशा घरांतली एक गोष्ट याहून दुःखाची. नवरा गेलेल्या बाईचे केशवपन करीत आणि तिला आलवण नेसवीत. देवाने उन्हासाठी दिलेले केसांचे छप्परही तिच्या डोक्यावरून काढून घेतले जाई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय केला. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही गोष्ट आपण बायकांनी विसरता कामा नये.

आता साहेबाच्या टोपीकडे येऊ. युरोपियन लोकांना आपल्याकडे फार पूर्वीपासून टोपीकर म्हणत. शिवशाहीतले रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'तही हाच शब्द आहे. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनली. सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उठले आणि त्यांच्याबरोबर सोला टोपी आली. ही टोपी लोखंडाची नव्हे की चामड्याची नव्हे. बंगालच्या दलदलीत शोला नावाचे एक झुडूप होते. त्याच्या आतला पांढरा गाभा फुलासारखा हलका असतो. त्यापासून ती करीत. पुढेमागे रुंद कड आणि डोके व टोपी यांच्यामध्ये वारा खेळण्यास फट, अशी तिची रचना होती. वस्तू म्हणून ती उत्तम होती, यात संशय नाही.

पण साहेबाच्या मनात भीती बसली होती की उष्ण देशातल्या सूर्याचे किरण गोऱ्या माणसाची कवटी भेदून मेंदूत शिरतात. त्यामुळे दिवस मावळेपर्यंत टोपी काढावयाची नाही, तान्ह्या मुलांनासुद्धा टोपी हवीच, असा दंडक होता. पाठीच्या कण्यावर जाड कापडाच्या गाद्या बांधीत. तिकडे फिलिपाइन्स बेटांत तर अमेरिकन लष्कराने सैनिकांना नारिंगी-तांबडे अंतर्वस्त्र घालून पाहिले, की त्याने किरण अडतात का! त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिक साध्या कापडी हॅटी घालून लढले, कवटी भेदणारे किरण कोणाला लागले नाहीत, आणि सोला टोपीचे महत्त्व संपले. गंमत अशी की ज्या काळात साहेबाच्या बाळाला टोपीशिवाय बाहेर नेत नसत, त्याच काळात त्याच बंगल्याच्या बांधकामावर माती वाहणारी बाई उघड्या डोक्याने चालत होती. सूर्य दोघांना एकच होता.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराचा ठराव मंजूर झाला. त्याच सुमारास पांढरी खादीची गांधी टोपी देशभर पसरली. महात्माजींनी ती टोपी का पसंत केली, हे काकासाहेब कालेलकरांनी सांगून ठेवले आहे. फेट्याला कापड फार लागते, काळ्या टोपीत घाम जिरतो पण मळ दिसत नाही. काश्मिरी धर्तीची पांढरी टोपी मात्र थोड्या कापडात होते, घडी करून खिशात राहते आणि मळली की लगेच कळते, म्हणून ती धुतली जाते. धुण्याची चिंता करणारा पुढारी मिळाला, याचे कौतुक आपल्याहून अधिक कोणाला असणार?

पुढे १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जावयास बंदी होती. ती मोडण्यासाठी १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघू लागल्या. प्रथम जमनालालजी बजाज व त्यांच्या अटकेनंतर सरदार वल्लभभाई पटेल यांनी ही चळवळ चालविली. हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले आणि १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. मे महिन्यातले नागपूर आपण जाणतो. एका बाजूला कडेची सोला टोपी आणि दुसऱ्या बाजूला बिनकडेची खादीची टोपी, असा तो सामना होता. त्या वेळी नागपुरात अटक करून घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये हिंदीच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान होत्या.

आणि आपले गाडगेबाबा! अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले हे संत गावोगाव पायी हिंडत. हातात खराटा आणि डोक्यावर मडक्याचे खापर पालथे घातलेले. जेवायच्या वेळी तेच ताट होई. लोकांना ते विचित्र दिसे. पण मातीचे खापर ऊन अडविते, फुकट मिळते आणि त्यावरून कोणाची जात ओळखू येत नाही. पागोट्यांच्या शेकडो तऱ्हांना बाबांनी दिलेले हे उत्तर होते, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर हळूहळू पुरुषांची डोकी उघडी झाली. पगड्या लग्नमुंजीपुरत्या उरल्या. सुनांचा पदरही खाली आला, ते बरेच झाले. पण ऊन कमी झाले नव्हते. मग नागपूरच्या मुलींनीच वाट काढली. लुना, स्कूटीवरून कॉलेजला व नोकरीला जाणाऱ्या मुली डोके, तोंड, मान सगळे दुपट्ट्याने घट्ट बांधू लागल्या, वर पांढरा सनकोट घालू लागल्या. सुरुवातीला वडीलधारी मंडळी हसली. चोर-दरोडेखोर दिसता, म्हणाली. पण आपल्या इतिहासात बाईने डोके झाकले ते कोणाच्या मर्यादेसाठी नव्हे, स्वतःच्या जिवासाठी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. हे कोणी सांगितले नव्हते, कोणी शिकविले नव्हते.

परंतु सगळ्याच काही स्कूटीवर बसत नाहीत. १९९३ च्या मे महिन्यातली गोष्ट. तोवर आमच्याकडची मागाची कामे बसली होती आणि माझी धाकटी मावशी एका इमारतीच्या कामावर जात असे. त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवीत नाहीत. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत ती घमेली वाहत होती. पदर कमरेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले. सोबतच्या बाया नंतर म्हणाल्या की दुपारी तिचा घाम यायचा थांबला होता आणि ती भलतेच काही बोलू लागली होती. मग ती पडली. रात्री दवाखान्यात गेली. मुकादमाने सांगितले, "ऊन लागलं." तेवढ्यावर तो विषय संपला. तिची दोन लेकरे आमच्या घरी आली. आई कामाला जाऊ लागली, त्यांना सांभाळायला घरी कोणी हवे होते. माझी सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. आठवीचे पुस्तक मी उघडले नाही. ती दोन्ही लेकरे आज चांगली मार्गी लागली आहेत, त्यामुळे मला शाळेची खंत नाही. मावशीची आहे.

ऊन लागणे हे दैव नव्हे, हे आता सर्वांना कळू लागले आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत फार कडक उष्मा झाला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. तेव्हा तेथील महापालिकेने २०१३ मध्ये उष्म्याशी सामना करण्याची योजना केली. त्या धर्तीवर पुढे आपल्या नागपुरातही योजना झाली. घाम थांबणे, भलते बोलणे, अंग तापणे ही फार धोक्याची लक्षणे आहेत. अशा माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. मावशीच्या सोबतच्या बायांना एवढे ठाऊक असते तर!

नुसत्या टोपीने सगळे भागत नाही. पाणी हवे, सावली हवी, दुपारची विश्रांती हवी. पण डोक्यावरची सावली ही सर्वांत स्वस्त आहे. कोष्ट्याची लेक म्हणून कापडाचे चार शब्द सांगते. कापड सुती असावे, नायलॉनसारखे नको, कारण त्यात घाम जिरत नाही. रंग पांढरा किंवा फिका असावा. वीण फार घट्ट नको, पण आरपार ऊन दिसेल इतकी विरळही नको. टोपी घ्यावयाची तर सर्व बाजूंनी तीन बोटांहून रुंद कडेची घ्यावी, म्हणजे कान आणि मानही झाकते. नुसत्या पुढच्या चोचीच्या टोपीने मान भाजते. कामाच्या बाईला मात्र हात मोकळे हवेत, म्हणून तिला दुपट्टाच बरा. मानेमागे गाठ मारली की तो घसरत नाही आणि वर चुंबळही बसते. दुपारी तो एकदा भिजवून घेतला तर उत्तमच.

भगिनींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, पिशव्या प्रत्येकीकडे ढिगाने साठल्या आहेत. पुढच्या संक्रांतीला मंडळातर्फे पांढऱ्या सुती कापडाचे दुपट्टे वाण म्हणून द्यावेत, अशी माझी सूचना आहे. आणि ते आपसात वाटू नयेत. आपल्या गल्लीत झाडू मारणाऱ्या, दारोदार भाजी विकणाऱ्या, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायांना हळदीकुंकवाला बोलावून, कुंकू लावून, त्यांच्या हाती द्यावेत. अक्षय तृतीयेला छत्री आणि पायताण दान करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहेच. तिचे पुण्य सांगणाऱ्या कथेतली रेणुका आजही आपल्या दारावरून दुपारी जाते. तिच्या हाती बाण नसतात, टोपली असते. शिवाय भांड्यांना येणाऱ्या बाईची दुपारी बाराची वेळ उन्हाळ्यापुरती सकाळी आठची करणे हे तर आपल्याच हाती आहे. त्याला पैसाही लागत नाही, फक्त खरकटी भांडी थोडा वेळ सिंकमध्ये पडू द्यावी लागतात.

मंडळाच्या वर्धापनदिनी एवढीच प्रार्थना, की आपल्या मंडळाची सावली अशीच वाढत जावो आणि ती मंडळाच्या दाराबाहेरही पडो.